एकच नकार, पाच आकडे: एका युनिक्सवरून दुसऱ्यावर जाताना नेटवर्कचे एरर कसे हाताळावेत

बंद पोर्टवर कनेक्शन मागितलं की समोरचं मशीन नकार देतं. घटना एकच. पण नेहमीच्या लिनक्स पीसीवर तिचा एरर कोड १११ येतो, मॅक आणि फ्रीबीएसडीवर ६१, सोलारिसवर १४६, आयबीएमच्या एआयएक्सवर ७९ आणि एचपी-यूएक्सवर २३९. मॅकवर बसून कुणी '६१ आला तर पाच सेकंद थांब आणि पुन्हा प्रयत्न कर' असं लिहिलं, तर लिनक्सच्या सर्व्हरवर ती ओळ कधीच चालणार नाही. तिथे ६१ चा अर्थ 'डेटा उपलब्ध नाही' असा आहे. प्रोग्रॅम बिल्ड होतो, चालू होतो, टेस्टही पास होतात. पलीकडचा सर्व्हर पहिल्यांदा पडतो तेव्हाच कळतं की पुन्हा प्रयत्न करण्याची सोय आपल्याकडे नव्हतीच.

लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा या पट्ट्यातली मुलं-मुली नागपूरला शिकतात, मिहानमधल्या टीसीएस, एचसीएल, इन्फोसिससारख्या कंपन्यांत लागतात, पुण्याला जातात, काही जण घरूनच काम करतात. त्यांच्यापैकी जे सर्व्हर, पेमेंट, मॉनिटरिंग किंवा उपकरणांचं सॉफ्टवेअर लिहितात त्यांच्यासाठी हा लेख आहे. 'आता सगळीकडे लिनक्सच आहे, पोर्टिंग कोण करतं' असं मला अनेकदा ऐकायला मिळतं. पण कोड लिहिला जातो मॅकबुकवर, चालतो लिनक्सवर, आणि वाटेतला फायरवॉल पीएफसेन्सचा असेल तर तो फ्रीबीएसडीवर उभा असतो. बँका आणि मोठ्या कारखान्यांत एआयएक्स अजून चालू आहे. शिवाय लिनक्स म्हणजे तरी एकच तक्ता असं कुठे आहे? एमआयपीएस प्रोसेसरच्या लिनक्सवर तोच नकार १४६ होतो आणि स्पार्कवर ६१. घरातला वायफाय राउटर एमआयपीएसचा असेल तर फरक तुमच्या टेबलावरच आहे.

पुण्याच्या सी-डॅकचं उदाहरण घ्या. १९९८ चा परम १०००० सन कंपनीच्या मशीनवर, सोलारिसवर चालत होता. त्यानंतरचा परम पद्म आयबीएमच्या पॉवर४ प्रोसेसरवर, एआयएक्सवर. २००८ चा परम युवा इंटेलच्या प्रोसेसरवर, लिनक्सवर. दहा वर्षांत तीन युनिक्स. या तिन्हींवर टिकायचं असलेल्या आणि सॉकेट थेट हाताळणाऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमपुढे नकाराचा कोड १४६ वरून ७९ वर आणि तिथून १११ वर जात होता. आकड्यांवर विसंबलेला कोड अशा प्रवासात दोनदा मोडतो.

हे असं का झालं ते माहीत असलं की लक्षात ठेवणं सोपं जातं. मूळ युनिक्सचे एरर १ ते ३४ या आकड्यांत संपत होते. १९८३ साली बर्कलीच्या ४.२बीएसडीमध्ये सॉकेट आलं आणि बर्कलीने नेटवर्कचे एरर ३५ पासून पुढे लावले. एटी अँड टीच्या सिस्टिम फाइव्ह घराण्यात ३५ आणि ३६ हे आकडे मेसेज क्यूसारख्या सोयींना दिलेले होते, त्यामुळे तिथे नेटवर्कच्या एररना ९५ पासून पुढे जागा मिळाली. लिनक्सने तिसरीच मांडणी धरली. पॉझिक्स प्रमाणकाने नावं ठरवून दिली, आकडे प्रत्येक सिस्टिमवर सोडले. म्हणून १ ते ३४ बहुतेक सगळीकडे जुळतात आणि त्यापुढे जुळण्याची खात्री नाही.

जुळणाऱ्या आकड्यांतही एक मोठा अपवाद आहे. लिनक्सवर ११ म्हणजे 'ई-अगेन', म्हणजे आत्ता काही मिळालं नाही, थोड्या वेळाने विचारा. ३५ म्हणजे 'ई-डेडलॉक'. बीएसडी आणि मॅकवर याच्या बरोबर उलट आहे: ११ म्हणजे डेडलॉक आणि ३५ म्हणजे 'ई-अगेन'. मॅकवरच्या लॉगमध्ये 'एरर ३५' दिसला आणि तुम्ही लिनक्सच्या तक्त्यात पाहिलंत, तर जो डेडलॉक झालेलाच नाही तो शोधण्यात दिवस जाईल. म्हणून लॉगमध्ये एररचं नाव, सिस्टिमचं नाव आणि कोणत्या कॉलमध्ये एरर आला हे तिन्ही लिहा. आकडा सोबत राहिला तर राहू द्या, एकटा नको.

आकडा एका मशीनवरून दुसऱ्या मशीनला पाठवणं त्याहून धोक्याचं. एआयएक्सवरचा एजंट ७९ पाठवतो आणि लिनक्सवरचा डॅशबोर्ड आपल्या तक्त्यातून त्याचं वाक्य काढतो. तिथे ७९ म्हणजे शेअर्ड लायब्ररी उघडता न येणं. एनएफएसने हा प्रश्न फार पूर्वी नीट सोडवला. त्या प्रोटोकॉलमध्ये एररचे स्वतःचे आकडे पक्के ठरलेले आहेत. 'डिरेक्टरी रिकामी नाही' याला एनएफएसमध्ये ६६ हा आकडा आहे. तो बीएसडीच्या आकड्याशी जुळतो, पण लिनक्सवर हाच एरर ३९ आहे, म्हणून लिनक्सचा क्लायंट ६६ आला की त्याचं ३९ करून वरच्या प्रोग्रॅमला देतो. तुमच्या प्रोटोकॉलमध्येही हेच करा. तुमचे कोड तुम्ही ठरवा, आणि प्रत्येक टोकाला भाषांतर होऊ द्या.

इथवरचं काम बहुतेकांना जमतं. आकड्यांऐवजी नावं वापरली की पुष्कळ चुका जातात, आणि इथेच लोक थांबतात. पण एकाच घटनेला वेगवेगळ्या सिस्टिम नावंही वेगवेगळी देतात. हे घरी पाहता येतं. लॅपटॉप आणि मोबाइलचा हॉटस्पॉट घ्या. लॅपटॉपचं वायफाय बंद करून बाहेरच्या एखाद्या पत्त्याला पिंग करा. लिनक्स म्हणतो, नेटवर्कपर्यंत पोहोचता येत नाही. मॅक म्हणतो, होस्टकडे जायला रस्ता नाही. मग हॉटस्पॉट जोडा आणि त्याच नेटवर्कमधल्या, कुणालाही न दिलेल्या पत्त्याला पिंग करा. लिनक्स सांगतो की होस्टपर्यंत पोहोचता येत नाही. मॅक किंवा फ्रीबीएसडी सांगतो की होस्ट बंद आहे. आता 'ई-नेटअनरीच आला तर वापरकर्त्याला इंटरनेट तपासायला सांग' अशी अट लिहिलेला प्रोग्रॅम मॅकवर त्याच प्रसंगात गप्प बसेल. फायरवॉल यात आणखी भर घालतो. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सचा फायरवॉल कनेक्शन नाकारताना असा निरोप पाठवू शकतो की तुमच्या प्रोग्रॅमला 'होस्टकडे रस्ता नाही' असं वाचायला मिळतं. प्रत्यक्षात रस्ता आहे, मशीन चालू आहे, फक्त पोर्ट उघडलेलं नाही. हे माहीत नसलेला माणूस राउटिंग तपासत बसतो.

सर्व्हर लिहिणाऱ्यांनी सर्वांत जास्त लक्ष 'ॲक्सेप्ट'कडे द्यावं. क्लायंटने कनेक्शन जोडलं आणि तुमच्या प्रोग्रॅमने ते उचलण्याआधीच रिसेट पाठवून तो निघून गेला. पॉझिक्सप्रमाणे इथे 'ई-कॉनअबॉर्टेड' यायला हवा. सिस्टिम फाइव्हच्या जुन्या घराण्यात 'ई-प्रोटो' येत असे. बर्कलीच्या घराण्यातली कर्नल्स ते कनेक्शन आतल्या आत टाकून देत आणि प्रोग्रॅमला कळवतही नसत. लिनक्सची रीत अजून निराळी: नव्या कनेक्शनवर आधीच येऊन पडलेला नेटवर्कचा एरर तो 'ॲक्सेप्ट'मधूनच परत करतो. नेटवर्क बंद, होस्ट बंद, होस्टपर्यंत पोहोचत नाही, यांपैकी काहीही. लिनक्सचं मॅन्युअल स्वतःच सांगतं की हे एरर 'ई-अगेन'सारखे समजा आणि पुन्हा 'ॲक्सेप्ट' करा. पण 'अनोळखी एरर आला की बंद हो' असं लिहिलेला सर्व्हर कुठल्यातरी एका क्लायंटच्या तुटलेल्या लाइनमुळे सगळ्यांसाठी बंद पडतो. वीत्से वेनेमा यांच्या पोस्टफिक्स या मेल सर्व्हरमध्ये यासाठी 'सेन ॲक्सेप्ट' नावाचं छोटं फंक्शन आहे. ते खऱ्या 'ॲक्सेप्ट'ला बोलावतं आणि निरुपद्रवी म्हणून ओळखीचे असलेले एरर 'ई-अगेन'मध्ये बदलून वर देतं. बाकीच्या पोस्टफिक्सला सिस्टिम कोणती याची फिकीर राहत नाही. हे फंक्शन प्रत्येकाने एकदा वाचावं. पोर्टिंगवरच्या जाड पुस्तकापेक्षा त्या थोड्याशा ओळी जास्त शिकवतात.

मात्र सगळेच एरर असे पोटात घालू नका. फाइल डिस्क्रिप्टर संपले की 'ॲक्सेप्ट' 'ई-एमफाइल' देतो. तिथे लगेच पुन्हा प्रयत्न केला तर रांगेतलं कनेक्शन तसंच राहतं, 'पोल' पुन्हा पुन्हा 'तयार आहे' म्हणत राहतो आणि सीपीयू शंभर टक्क्यांवर जातो. तिथे थोडं थांबायचं, लॉग करायचं, जुनी कनेक्शन बंद करायची.

क्लायंटच्या बाजूला 'कनेक्ट' तितकाच त्रास देतो. नॉन-ब्लॉकिंग सॉकेटवर 'कनेक्ट' केलं की टीसीपीसाठी साधारणपणे 'ई-इनप्रोग्रेस' येतो, म्हणजे काम सुरू झालं आहे. लिनक्सवर युनिक्स डोमेन सॉकेट असेल आणि पलीकडची रांग भरलेली असेल तर 'ई-अगेन' येतो. फ्रीबीएसडीवर तोच प्रसंग थेट नकार म्हणून येतो. त्याच मशीनवरचं कनेक्शन असेल तर काही सिस्टिमवर लगेच यशही मिळतं, ती शक्यता कोडमध्ये धरलेली असावी. 'ई-इनप्रोग्रेस' आल्यावर 'पोल' करून सॉकेट लिहिण्याजोगं होण्याची वाट पाहायची आणि मग 'गेटसॉकऑप्ट'ने 'एसओ एरर' विचारायचा. इथेही जुना फरक आहे. बर्कलीच्या घराण्यात 'गेटसॉकऑप्ट' स्वतः यशस्वी होतं आणि एरर तुम्ही दिलेल्या व्हेरिएबलमध्ये येतो. जुन्या सोलारिसवर 'गेटसॉकऑप्ट'च अपयशी ठरतं आणि एरर 'एर्नो'मध्ये मिळतो. दोन्ही तपासायला दोन ओळी लागतात, त्या लिहाच.

मध्येच सिग्नल येऊन 'कनेक्ट' तुटला, म्हणजे 'ई-इन्टर' आला, तर 'रीड'सारखं त्याला लूपमध्ये पुन्हा बोलावू नका. कनेक्शन जोडण्याचं काम आत चालूच असतं. दुसऱ्यांदा बोलावल्यावर कुठे 'ई-ऑलरेडी' येईल, कुठे 'ई-इझकॉन', आणि जोडलेलं कनेक्शन तुमचा प्रोग्रॅम अपयश म्हणून फेकून देईल. इथेही 'पोल' आणि 'एसओ एरर' हाच मार्ग. आणि 'कनेक्ट' अपयशी ठरला तर तेच सॉकेट पुन्हा वापरू नका. लिनक्सवर ते बहुधा चालतं, त्यामुळे सवय लागते. बीएसडीवर चालेलच असं नाही, आणि अशा सॉकेटची स्थिती काय राहील याची हमी प्रमाणकही देत नाही. सॉकेट बंद करा, नवं उघडा. किती वेळ थांबायचं तेही स्वतः ठरवा: समोरून काहीच उत्तर आलं नाही तर बर्कलीच्या रीतीने ७५ सेकंदांत 'ई-टाइम्डआउट' येतो, लिनक्सवर सुमारे दोन मिनिटांनी. सिस्टिमच्या मर्यादेवर सोडलंत तर एकच ॲप दोन मशीनवर दोन वेगवेगळे अनुभव देईल.

आता उपाय. एररची नावं सगळ्या कोडभर पसरू देऊ नका. एकच फाइल ठेवा, आणि तिच्यात प्रत्येक एररचं उत्तर 'याचा अर्थ काय' असं न देता 'आता काय करायचं' असं द्या. अशी उत्तरं मोजकीच असतात. लगेच पुन्हा बोलाव. 'पोल' करून थांब. हे सॉकेट टाक, थोड्या वेळाने नवं उघड. हा पत्ता सोड, पुढचा घे. आपल्या कोडमध्येच चूक आहे, म्हणून लॉग करून थांब. 'होस्ट बंद', 'होस्टपर्यंत पोहोचत नाही', 'नेटवर्कपर्यंत पोहोचत नाही' ही तिन्ही नावं 'पुढचा पत्ता घे' या एकाच उत्तरात गेली की मॅक आणि लिनक्सच्या भांडणाचा तुमच्याशी संबंध उरत नाही. पोस्टग्रेएसक्यूएलच्या कोडमध्ये असाच एक मॅक्रो आहे. कनेक्शन तुटल्याची वेगवेगळी नावं त्यात एकत्र केलेली आहेत आणि बाकीचा कोड तो मॅक्रो वापरतो. अपाचेच्या पोर्टेबल रनटाइम लायब्ररीतही 'हा नकार आहे का' असं विचारणारे मॅक्रो आहेत. मात्र हीच फाइल एररचा मूळ कोड पुसून टाकणार नाही याची काळजी घ्या. निर्णय गटावरून घ्यायचा, लॉगमध्ये मूळ नाव ठेवायचं.

वर्गीकरणाचा फाटा कॉलनुसार पडतो हेही ध्यानात ठेवा. 'ई-होस्टअनरीच' हा 'ॲक्सेप्ट'मध्ये 'पुन्हा बोलाव' आहे आणि 'कनेक्ट'मध्ये 'पुढचा पत्ता घे'. म्हणून त्या फंक्शनला एररसोबत कॉलचं नावही द्यावं लागतं. आणि सीमध्ये 'स्विच' वापरत असाल तर 'ई-अगेन' आणि 'ई-वुडब्लॉक' या दोन केस शेजारी लिहून पाहा: लिनक्सवर दोन्हींचा आकडा एकच असल्याने कंपायलर अडतो. एचपी-यूएक्सवर ते ११ आणि २४६ असे वेगळे आहेत, म्हणून एक काढून टाकणंही बरोबर नाही. साधं 'इफ' आणि 'किंवा' पुरतात.

पायथनवाल्यांचं बरंच काम ३.३ आवृत्तीपासून हलकं झालं. नकार, रिसेट, तुटलेला पाइप यांना स्वतंत्र एक्सेप्शन मिळाले आणि आकडे आतच राहिले. पण 'कनेक्शनएरर' पकडला म्हणजे सगळं पकडलं असं समजू नका. 'होस्टकडे रस्ता नाही' हा त्याच्याखाली येत नाही, टाइमआउटही येत नाही. दोन्ही 'ओएसएरर'च्या खाली आहेत.

बाकीचे प्रसंग थोडक्यात. तुटलेल्या कनेक्शनवर लिहिलं की 'ई-पाइप'सोबत सिग्नलही येतो आणि प्रोग्रॅम मरतो. लिनक्सवर तो 'सेंड'च्या फ्लॅगने अडवतात, मॅकवर सॉकेटच्या ऑप्शनने. मॅकवर सॉकेट बंद होत असतानाच लिहायला गेलात तर कधीकधी 'ई-प्रोटोटाइप' असा अगदीच असंबद्ध वाटणारा एरर येतो. तोही 'तुटलं' याच गटात टाका. यूडीपी पाठवताना रांग भरली तर बीएसडी 'ई-नोबफ्स' देतो, लिनक्स सहसा काही न बोलता पॅकेट टाकून देतो. म्हणून लिनक्सवर एरर दिसला नाही याचा अर्थ पॅकेट गेलं असा होत नाही. 'क्लोज'मध्ये 'ई-इन्टर' आला तर लिनक्सवर डिस्क्रिप्टर बंद झालेला असतो. पुन्हा 'क्लोज' केलंत तर तोच आकडा मिळालेली दुसऱ्या थ्रेडची फाइल बंद होईल. एचपी-यूएक्सवर उलट, तिथे पुन्हा बंद करावं लागतं. आणि नावावरून पत्ता शोधणाऱ्या 'गेटॲड्रइन्फो'चे कोड 'एर्नो'त मिसळू नका. ते वेगळेच आहेत, लिनक्सवर ऋण आणि बीएसडीवर धन. त्यांचं वाक्य 'गाय-स्ट्रएरर' देतं.

टेस्टिंगसाठी महागडं काही लागत नाही. लिनक्सच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनमध्ये फ्रीबीएसडी चालवा. कर्नलने नेमकं काय परत केलं ते पाहायला लिनक्सवर 'स्ट्रेस' आहे, फ्रीबीएसडी, सोलारिस आणि एआयएक्सवर 'ट्रस'. प्रत्येक प्रसंग दोन्हीकडे घडवून पाहा: पोर्ट बंद, मशीन बंद, फायरवॉल पॅकेट गिळतो, मध्येच हॉटस्पॉट बंद, मध्येच मोबाइल फ्लाइट मोडवर. कंपनीच्या ऑफिसातल्या पक्क्या लाइनवर यातलं काही सहजी घडत नाही. लोधीखेड्यात मोबाइलच्या डेटावर काम करणाऱ्याला हे सगळं टेबलावर बसून घडवता येतं, आणि ज्या लोकांच्या हातात शेवटी ते ॲप जाणार आहे त्यांची लाइनही बहुधा अशीच असते.

प्रत्येक टेस्टचा निकाल सिस्टिम, तिची आवृत्ती, कॉल आणि मिळालेला एरर अशा चार रकान्यांत लिहून कोडच्या शेजारीच ठेवा. दुसऱ्याच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये असा फरक सापडला आणि तुम्ही तो दुरुस्त केलात, तर पॅच आपल्यापुरता ठेवू नका. त्या चार रकान्यांसह मूळ प्रकल्पाकडे पाठवा. ज्यांच्याकडे ती सिस्टिम नाही त्यांना हा फरक दुसऱ्या कुठल्याही मार्गाने कळणार नसतो.